उजवीकडे झुकणारी

मी एक तबकडी. भाकरीएवढी, केशरी रंगाची, काठाला निमुळती. आडगावात मला कुणी ताटली म्हणतं, कुणी झाकण म्हणतं, आणि खंडेराव तर एके काळी मला नुसतं ‘तो माल’ म्हणायचे. खरं तर मी फेकून खेळायची वस्तू आहे. मला बोलायची सवय नाही, आणि स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की मान आपोआप खाली जाते. तरी आज सांगते.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका साच्यात झाला. गरम प्लास्टिक, वरून दाब, मग गार हवा. आमचा खेळ सोपा आहे. लांब एक लोखंडी टोपली उभी असते आणि कमीत कमी फेकींत तबकडी तिच्यात पोचवायची. उजव्या हाताने फेकलेली साधी तबकडी जाता जाता शेवटी डावीकडे पडते. पण वाटेत झाड आलं किंवा डावीकडे पाणी असलं, तर उजवीकडे वळणारी लागते. म्हणून काही तबकड्या मुद्दाम तशा घडवतात. मी त्यांच्यातली.

मला विकत घेतलं समर्थने. नाशिकहून आग्रा रोडने ओझरकडे निघालं की आडगाव लागतं, तिथला हा मुलगा. संगणकाचं शिकून १९९८ साली तिकडे नोकरीला गेला होता. परमुलखात एकटा पडलेला, रविवारी करायला काही नाही, म्हणून एका तळ्याकाठच्या मैदानावर खेळायला जाऊ लागला.

त्याच्या पिशवीत माझ्याशिवाय वळणाऱ्या आणखी दोघी होत्या. पांढरी वजनाने भारी. ती उजवीकडे निघायची खरी, पण शेवटी मन बदलल्यासारखी डावीकडे परतायची. हिरवी हलकी आणि उतावळी. हातातून सुटली की लगेच कलंडायची आणि गवतातून काठावर घरंगळत कुठल्या कुठे जायची. मी मधली. सावकाश झुकायची आणि एकदा झुकले की जमिनीला टेकेपर्यंत तशीच राहायची. खेळणारे मित्र जमले की आमची तुलना चाले. पांढरीला वाऱ्याची भीती नाही, हिरवीला जोर कमी लागतो, असं प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असे. समर्थ सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “झाडाला वळसा घालायचा असेल तर ही केशरीच.” तेव्हा मला माझ्या वळणाची लाज नव्हती. थोडा तोराच होता म्हणा ना.

मग २००१ साल संपता संपता समर्थची कंपनी बुडाली. दुसरी नोकरी मिळेना, आणि नोकरी नाही तर तिथे राहताही येईना. जानेवारीत तो घरी निघाला. मुंबईच्या विमानतळावर एका साहेबाने त्याची बॅग उघडायला लावली आणि आम्हाला वर काढून विचारलं, “ये क्या है?”

“खिलौना है, साब,” समर्थ म्हणाला. इतक्या वर्षांनी माणूस परदेशातून येतो आणि बॅगेत खेळणी, असं त्या साहेबाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. समर्थने आम्हाला घाईघाईने टॉवेलाखाली सारलं. लाज म्हणजे काय, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

घरी त्याच्या आईने, लंकाबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं. “ताटल्या आणल्या व्हय रं? काठ किती बारीक हाय. कालवण सांडायचं नं यातून.” आणि त्यांनी मला दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवून दिलं. सायीचा वास माझ्या अंगाला बरेच दिवस होता. ते मला फारसं लागलं नाही. प्रेमाने ठेवलं होतं.

लागलं ते खंडेरावांचं. खंडेराव म्हणजे समर्थचे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात सारा जन्म तपासनीस म्हणून काढला. तयार भाग मापात बसतो की नाही हे पाहायचं, आणि नसेल तर त्याच्यावर लाल रंगाची फुली मारायची. फुली बसली की तो भाग पुन्हा विमानाच्या वाऱ्याला उभा राहत नसे. रिटायर झाले तरी हाताची सवय जाईना. लाल रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घरातल्या फडताळात असे. न पेटणारा लायटर, तडकलेली बादली, उघडल्यावर उलटी होणारी छत्री, सगळ्यांवर फुल्या. चुकून कुणी पुन्हा वापरायला नको, हा त्यामागचा विचार. लंकाबाई म्हणायच्या, “माझ्यावर तेवढी नाय मारली अजून. उपकारच म्हणायचे.”

अशा माणसाचा मुलगा नोकरी गमावून घरी आला होता. आणि नेमकं त्याच वेळी मुलीचं, सुवर्णाचं, लग्न जमत आलं होतं. पिंपळगाव बसवंतचं स्थळ. द्राक्षं निवडून पेट्या भरायचं त्यांचं मोठं पॅकहाउस. मुलगा येऊन पाहून गेला होता, आणि सुवर्णालाही तो आवडला होता. ते ती कुणाला बोलली नव्हती, पण त्या दिवसापासून ती भांडी घासताना गुणगुणायची, आणि मी ओट्यावरच असायचे. आता फक्त मुलाचे वडील, निवृत्तीअण्णा, एकदा घर पाहायला यायचे होते. भाऊ अमेरिकेत आहे, हे त्यांना मध्यस्थाने पहिल्याच बोलण्यात सांगितलं होतं.

खंडेरावांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, “समर्थ सुट्टीवर आलाय. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. सुवर्णाचं होऊन जाऊ दे, मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

महिना गेला तशी सुट्टीची ‘सुट्टी वाढवून मिळाली’ झाली. दुकानात, सलूनमध्ये, देवळापाशी लोक विचारायचे, “काय, कधी निघणार?” उत्तर द्यायला नको म्हणून समर्थ सकाळीच आम्हाला घेऊन मळ्यात जाऊ लागला. तिथे त्याच्या चुलत्यांची जुनी द्राक्षबाग काढून टाकलेलं वावर रिकामं पडलं होतं. त्याने एका दगडी खांबाला द्राक्षाचा प्लास्टिकचा क्रेट बांधला. ती आमची टोपली. समोर मधोमध एक चिंच, आणि डाव्या हाताला शेजाऱ्यांची भरात आलेली बाग. मण्यांत पाणी उतरून द्राक्षं गोड व्हायला लागली होती. डावीकडे वळणारी तबकडी त्या घडांत शिरली असती तर शेजारी काठी घेऊनच आले असते. त्यामुळे समर्थ आम्हा तिघींनाच फेकायचा, आणि बहुतेक वेळा मला. चिंचेला उजवीकडून वळसा घालून मी क्रेटपाशी उतरायचे. तेवढाच वेळ त्याचा चेहरा मोकळा असायचा.

एका सकाळी खंडेराव तिथे आले. चिंचेच्या सावलीत उभं राहून पाहत राहिले आणि म्हणाले, “रोज हेच चालतं का?”

“हो, आप्पा.”

“मग नीट तरी बघू, काय माल हाय तो.”

त्यांना दुसरं काही विचारायचं होतं, ते मला आत्ता कळतं. मुलाजवळ बसून ‘पुढे काय करणार रे’ हे विचारणं त्यांना जमत नव्हतं. वस्तू तपासणं जमत होतं. त्यांनी आम्हाला घरी नेऊन टेबलाच्या काचेवर पालथं घातलं, काठाखाली पातळ पत्रा सरकवून फट पाहिली, दोऱ्याने टांगून तोल पाहिला. खोट सापडेना. मग पुन्हा मळ्यात आले. समर्थच्या पिशवीत एक निळीही होती, बाणासारखी समोर जाणारी. तिच्याशी त्यांनी आमची तुलना लावली. खांदा धरल्यामुळे त्यांना स्वतःला फेकता येत नव्हतं. ते म्हणाले, “तू टाक. सगळ्या सारख्याच जोरानं टाक.”

समर्थने रिकाम्या बाजूला तोंड करून फेकल्या. निळी समोर गेली. पांढरी जाऊन परत आली. हिरवी घरंगळली. मी झुकले आणि लांब उजवीकडे जाऊन पडले.

“बघ. सरळ टाकली तर सरळ जायला पायजे. ही जाते का?”

“आप्पा, ती त्यासाठीच बनवलीय. तिने वळायचंच असतं.”

“वळायचंच असतं म्हणजे? कारखान्यात असं कोणी बोललं असतं तर घरी बसवला असता.”

बोलून गेले. घरी बसवला असता. समर्थने खाली वाकून बुटाची नाडी बांधली, सुटली नव्हती तरी. खंडेरावांनाही कळलं असणार, पण मागे घेणं त्यांना कधी येत नव्हतं. घरी येऊन त्यांनी फडताळातली बाटली काढली. पांढरी शेवटी परत तरी येते, हिरवी स्वस्तातली दिसते, असा काहीसा हिशेब त्यांनी केला असावा. फुली बसली ती माझ्यावर. काठापासून काठापर्यंत, जाड, लाल. समर्थ दारात उभा राहून ती वाळेपर्यंत पाहत होता. बाप कुणावर फुली मारतोय, हे त्या घरात फक्त बापालाच कळत नव्हतं.

आणि मला काय वाटलं? मला ते पटलं. ही गोष्ट सांगताना आजही कसंतरी होतं. ज्या हातांनी मला घडवलं, ज्या मुलाने मला निवडलं, ते सगळं मी विसरले, आणि एका ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांनी मला वाटू लागलं की मी खरंच सदोष आहे. दुसऱ्या दिवशी मळ्यात समर्थने मला पिशवीतच ठेवलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पाहुणे यायचे त्या रविवारी समर्थला मळ्यातच थांबायला सांगितलं होतं. माणूस समोर नसला की प्रश्नही कमी येतात. पण निवृत्तीअण्णा पडले मोकळ्या स्वभावाचे. चहा होताच म्हणाले, “तुमचे चिरंजीव कुठं हायेत? बघू तरी अमेरिकेचा माणूस.” आणि खंडेराव काही सुचवायच्या आत चालायलाही लागले.

धोतराचा सोगा हातात, डोक्यावर टोपी, अण्णा वावरात आले आणि आधी शेजारच्या बागेचे घड पाहून घेतले. मग क्रेटकडे पाहून हसले. “आमच्या क्रेटात तुम्ही ताटल्या भरता व्हय? काय खेळ म्हणायचा हा?”

“तिकडं साहेब लोक खेळतात,” खंडेराव घाईने म्हणाले. “कंपनीनंच दिल्यात याला. सराव ठेवायला सांगितलाय.”

कंपनीने दिल्यात! बुडालेल्या कंपनीने! मला पिशवीत तोंड लपवायला जागा उरली नाही. त्यात अण्णांनी नेमकं मलाच बाहेर काढलं आणि फुलीवर अंगठा फिरवला. “ही रिजेक्ट का हो? आमच्याकडं रिजेक्ट माल निघतो, पण आम्ही टाकून नाय देत. इथल्या बाजारात जातो. गोडी तीच असते.”

“ती सरळ जात नाय,” खंडेराव म्हणाले.

“टाका बरं. बघू कशी जात नाय ती.”

समर्थने वडिलांकडे पाहिलं. मग मला छातीपाशी घेतलं, पुढचं पाऊल टाकलं आणि मनगटाला झटका दिला. मी निघाले. खरं सांगते, मी सरळ जायचा प्रयत्न केला. चार लोकांत तरी झुकायचं नाही असं ठरवलं होतं. पण वस्तूचं ठरवणं ते काय? मी झुकले, बागेपासून दूर, चिंचेच्या उजव्या अंगाने, आणि क्रेटच्या खांबाला टेकून बसले.

“आरं वा!” अण्णांनी टाळी वाजवली. “सरळ गेली असती तर चिंचंवर आदळली असती की! मग हिच्यावर फुली कशापायी, खंडेराव?”

तेवढ्यात सुवर्णा जेवायला बोलवायला बांधापर्यंत आली होती. तिच्या अंगावर नवी साडी होती आणि ती पदर सावरत उभी होती. अण्णा खुशीत होते. समर्थच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “मग बाळा, परत कधी निघायचं?”

त्याच्याऐवजी खंडेरावांनी उत्तर दिलं, “पुढल्या महिन्यात.”

“तारीख ठरली का? म्हंजे लग्नाचं त्याच्याआधी धरू.”

“हो, हो. तिकीट आलंय.”

खाली पाहणारा समर्थ मला खांबापासून दिसत होता. माणूस इतकी मान खाली घालू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि बांधावरून आवाज आला.

“दादाची नोकरी गेलीय, अण्णा.”

सुवर्णा होती. ती थांबली नाही. “जानेवारीपासून घरीच हाय तो. तिकीट वगैरे काही नाय. तुम्ही घर पाहायला आलात, म्हणून सांगते. तुम्ही आलात की त्याला असं वावरात उभं करायचं, हे मला नाय बघवत.”

शेजारच्या बागेत कुणीतरी पाखरं हाकलायला डबा बडवत होतं. मला वाटलं, आता अण्णा नोकरीवरून काही बोलतील. ते टोपी काढून डोकं पुसत राहिले आणि मग खंडेरावांना म्हणाले, “नोकरीचं काय हो, जाती, येती. आमची बाग दोनदा गारपिटीनं गेली, आम्ही काय तोंड लपवलं? पण तुम्ही माझ्या तोंडावर तिकीट आलं म्हणालात. पोरीचं जन्माचं नातं, आणि पाया असा?” मग सुवर्णाकडे वळून म्हणाले, “पोरी, तू गुणाची हायेस.” जेवायला न थांबता ते निघून गेले.

खंडेराव दुसऱ्या दिवशी पिंपळगावला जाऊन आले. माफी मागायलाच गेले होते. संध्याकाळी परत आले आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

“नाय म्हणाले. माझ्यामुळं मोडलं, सुवर्णा.”

सुवर्णा कणीक तिंबत होती. मी पुन्हा दुधाच्या पातेल्यावर होते, फुली वर करून. तिने हात थांबवले. “मोडलं ते बरं झालं, असं मी नाय म्हणणार, आप्पा. मला मुलगा आवडला होता.” आणि मग तिला रडू आलं. लंकाबाईंनी तिला जवळ घेतलं. खंडेराव उंबऱ्यातच उभे होते, आत येता येईना आणि मागे जाता येईना. कारखान्यात हजारो भाग तपासलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने खोटा माल पुढे सरकवला होता, आणि पकडला गेला तो घरच्या मुलीकडून.

सकाळी ते स्वयंपाकघरात आले, मला पातेल्यावरून उचललं, सदऱ्याला पुसलं आणि मळ्याकडे निघाले. समर्थ तिथे नुसता बसला होता. पिशवी उघडलीही नव्हती. खंडेराव त्याच्याशेजारी उभे राहिले. शेवटी मला पुढे करून म्हणाले, “कशी धरायची ही?”

“तुमचा खांदा, आप्पा...”

“जाऊ दे खांदा. दाखव.”

समर्थ उठला. वडिलांची बोटं एकेक करून माझ्या काठाखाली बसवली. अंगठा वर, फुलीच्या मधोमध. किती वर्षांनी त्याने बापाचा हात असा हातात घेतला असेल, कोण जाणे. खंडेरावांनी दुखऱ्या खांद्याने जेमतेम हिसका दिला आणि मी निघाले.

आणि मी सरळ गेले.

जराही न झुकता, नाकासमोर, निळीलाही जमलं नसतं अशी, थोड्याच अंतरावर मऊ मातीत उतरले. खंडेराव पाहतच राहिले. “ही तर सरळ गेली,” ते म्हणाले. “मग त्या दिवशी?”

“हळू फेकली की सरळच जाते ती,” समर्थ म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो खेळच समजावून सांगत होता. “जास्त जोर लावला की वळते, आप्पा.”

खंडेराव मला आणायला म्हणून चालत आले. वाकले, पण उचललं नाही. मातीत माझ्याशेजारीच बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. समर्थ आधी लांब उभा राहिला. मग येऊन त्यांच्याशेजारी बसला. “चुकलं रं माझं,” एवढंच मला ऐकू आलं. पुढचं त्या दोघांचं आहे, ते मी सांगणार नाही.

याला आता सात वर्षं झाली. समर्थला नाशकातल्या अंबडला नोकरी लागली, तो तिथेच राहतो. सुवर्णाचं लग्न सिन्नरला झालं. सुखात आहे म्हणतात. आली की हसते, पण भांडी घासताना गुणगुणत नाही. पिंपळगावची बस आडगाव फाट्यावर थांबली की खंडेराव अजून दुसरीकडे बघतात.

ते रोज सकाळी मला घेऊन मळ्यात जातात. खांद्याला व्यायाम म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. जोर आणखी कमी झालाय, त्यामुळे मी रोज सरळ जाते. बांधावरून जाणारे थांबून म्हणतात, “काय सरळ जाते हो तुमची ताटली!” आणि मला लाज वाटते. फुलीची वाटायची त्याहून जास्त वाटते, कारण हे कौतुक माझं नाही. म्हाताऱ्या हातात ताकद उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि मी त्यावर शहाण्यासारखी मिरवते.

एक मागणं आहे. समर्थ, दिवाळीला येशील तेव्हा माझ्या अंगावरची धूळ झटक आणि एकदा, आप्पांच्या देखत, तुझ्या सगळ्या जोराने मला फेक. त्यांना पाहू दे. ते बांधावर उभे असतील, आता फुली मारायला नव्हे. मला त्यांच्यासमोर एकदा मनापासून झुकायचं आहे.